फुटक्या कपबश्यांतून माणूस उभा करताना: नेकचंदांच्या पद्धतीने घरच्या घरी शिल्प

चंडीगडच्या सेक्टर १ मध्ये, सुखना तलावाच्या बाजूला नेकचंद सैनी यांनी उभं केलेलं रॉक गार्डन आहे. अरुंद वाटा आणि वाकूनच आत शिरावं लागेल अशी ठेंगणी दारं पार करत गेलात की मूर्तींच्या रांगाच रांगा समोर येतात. डोक्यावर घडे घेतलेल्या बायका, नाचणारे, माकडं, मोर. कुणाच्या अंगावर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे, कुणाचे कपडे काचेच्या बांगड्यांचे, कुणाचं अंग फाउंड्रीतल्या काळ्या मळीचं. एक भिंत तर चिनी मातीच्या जुन्या विजेच्या सामानाची आहे.

हे करणारा माणूस कलाशाळेत गेलेला नव्हता. १९२४ साली शक्करगढ तालुक्यातल्या एका खेड्यात जन्म, फाळणीनंतर ते गाव पाकिस्तानात गेलं, आणि हे कुटुंब भारतात आलं. पुढे नेकचंद चंडीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक झाले. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या आराखड्यानुसार नवं शहर बांधताना तिथली वीसेक गावं उठवली गेली होती. त्या गावांच्या राडारोड्यात कपबश्या होत्या, बांगड्या होत्या, मडकी होती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात नेकचंदांनी ते सायकलवरून वाहून जंगलात नेऊन साठवायला सुरुवात केली. जागा सरकारी, बांधकामाला मनाई असलेली. तपाहून जास्त काळ हे काम लपूनछपून चाललं. उघडकीला आलं तेव्हा ते पाडलं जाण्याचीच शक्यता जास्त होती. प्रत्यक्षात २४ जानेवारी १९७६ रोजी बाग लोकांसाठी खुली झाली, नेकचंदांना तिच्याच कामावर पगारी नेमलं गेलं आणि हाताखाली ५० मजूर मिळाले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते वारले.

त्यांच्या पद्धतीने दोन फुटांची एक मूर्ती घरी, अंगणात किंवा गच्चीवर कशी करायची ते इथे पायरीपायरीने सांगतो. डोक्यावर तांब्या घेतलेली बाई करू. घेरदार वस्त्रामुळे खालचा भाग रुंद होतो आणि मूर्ती कलंडत नाही, म्हणून पहिल्या कामाला हा आकार उत्तम.

आधी नेकचंदांकडून काय घ्यायचं ते

त्यांच्या मूर्तींपैकी एकच वेगळी काढून पाहिली तर ती साधी आहे. चेहरे मुखवट्यासारखे, जवळपास सारखे, हातपाय जाडसर. तरीही ती नजर धरून ठेवते, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं, एका मूर्तीवर एकच वस्तू, भरपूर. बांगड्यांची असेल तर अंगभर बांगड्या. हाताला लागलं ते सगळं एकाच मूर्तीवर चिकटवलेलं तुम्हाला तिथे क्वचितच दिसेल. घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या बहुतेक कामांचं बिनसतं ते इथेच. बटणं, चमचे, झाकणं, शंख, आरसे सगळं एकत्र येतं आणि डोळा कुठेच ठरत नाही.

दुसरं, वस्तू लपवायची नाही. कपाचा कान कपाचाच कान दिसला पाहिजे. बाटलीवर रंग फासून तिची फुलदाणी करण्याची जी पद्धत हल्ली सगळीकडे शिकवली जाते ती मला पटत नाही, कारण त्यात वस्तूवरचा वापराचा सगळा इतिहास रंगाखाली जातो. बशीवरची झिजलेली सोनेरी रेघ, बरणीचा तपकिरी गळा, हॉटेलच्या कपावरचं अर्धं पुसलेलं नाव: हे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

जमवाजमव

हा सगळ्यात लांबणारा टप्पा आहे आणि तो उरकू नका. नेकचंदांनी उभारणीपूर्वी वर्षानुवर्षं नुसतं साठवलं. तुम्हाला एवढी गरज नाही, पण एका जातीचं सामान पुरेसं जमेपर्यंत सिमेंटची पिशवी घरात आणू नका.

पुरेसं म्हणजे किती? दोन फुटांच्या मूर्तीचा पृष्ठभाग साधारण २८०० चौरस सेंटिमीटर भरतो. मधल्या फटी वजा करता २२०० ते २३०० चौरस सेंटिमीटर तुकडे लागतील. चहाच्या एका कपाच्या भिंतीतून जेमतेम २०० चौरस सेंटिमीटर निघतात, त्यातलेही काही चुरा होतात. म्हणजे कपांची मूर्ती करायची तर बारा ते पंधरा कप हवेत. घरच्या फुटलेल्या कपांवर हे भागत नाही. शेजारपाजारी, चहाच्या टपरीवर, क्रॉकरीच्या दुकानात, केटरिंगवाल्याकडे सांगून ठेवा. चिनी मातीला भंगारात भाव नसल्यामुळे भंगारवाला ती घेत नाही, आणि म्हणूनच लोक ती आनंदाने देतात. टाइल्सच्या दुकानात वाहतुकीत फुटलेला माल मागच्या बाजूला पडलेला असतो. कुणाच्या घरी बाथरूमचं काम निघालं असेल तर फुटकं बेसिन आणि जुन्या टाइल्स मिळतात. जुन्या वाड्याचं वायरिंग बदलताना चिनी मातीचे फ्यूज निघतात, ते तर सोडूच नका.

बांगड्यांची मूर्ती करायची असेल तर कासाराकडे जा. बांगड्या भरताना वाढवलेल्या आणि माळेतून निसटून गेलेल्या बांगड्या त्याच्याकडे साठत असतात. घराघरांतून मागताना मात्र जपून. वाढवलेल्या बांगड्या दुसऱ्याच्या हाती देणं काही जणींना रुचत नाही, त्यांना आग्रह करू नये. प्लास्टिकच्या बांगड्या घेऊ नका, उन्हात त्यांचा रंग उडतो.

काही गोष्टी घरात आणायच्याच नाहीत. सिमेंटचे जुने पत्रे, कारण त्यात अॅस्बेस्टॉस असतं. ट्यूबलाइट आणि सीएफएल, त्यांत पारा असतो. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. बॅटऱ्या अर्थातच नाहीत.

आणलेलं सामान गरम पाणी आणि सोड्याने धुवा. तेलाचा, चहाचा थर राहिला तर सिमेंट धरत नाही. मग रंगाप्रमाणे वेगवेगळ्या बादल्यांत टाका. ही वर्गवारी करता करताच मूर्ती कशी असावी ते सुचायला लागतं. निळ्या रेघेचे कप खूप निघाले तर निळा काठ ठरलाच.

फोडणं

जाड गॉगल, पूर्ण बाह्यांचा कपडा, कातडी हातमोजे, बंद चपला किंवा बूट. यात सवलत नाही. चिनी मातीचा कपचा उडाला तर सरळ डोळ्याकडे येतो. चिनी माती फुटताना आणि सिमेंट कोरडं कालवताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसाला घातक असते, म्हणून एन-९५ मास्क लावा आणि तुकडे कोरडे झाडू नका, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने गोळा करा. लहान मुलांना फोडायला बसवू नका.

टाइल आणि बशी गोणपाटात गुंडाळून फरशीवर ठेवायची आणि हातोडीचा एकच नेमका घाव घालायचा. बडवत राहिलात तर चुरा होतो. कपांसाठी टाइल निपर, म्हणजे टाइल तोडायची पक्कड, घ्या. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो, आणि या कामात खर्च करावा असं खरोखर हे एकच हत्यार आहे. निपरची चिमूट काठावर अगदी थोडी घालून दाबली की तुकडा हव्या त्या दिशेला तडकतो.

कप फोडण्याआधी तो हातात फिरवून पाहा. त्याचा कान आख्खा निघाला तर मूर्तीच्या कानाला, कमरेच्या छल्ल्याला उपयोगी. ओठांचा गोल काठ सलग निघाला तर गळ्यातली सर. बशीच्या तळाचं कडं निपरने सोडवलं की त्यातून पदराची किनार होते. कपाची भिंत वक्र असते, त्यामुळे सपाट भागावर मोठा तुकडा बसत नाही, पण खांद्यावर, दंडावर, गालावर तोच बाक नेमका जुळतो. वक्र तुकडे वेगळे ठेवा.

फुटलेल्या कडा सुरीइतक्या धारदार असतात. कार्बोरंडमचा, म्हणजे धार लावायचा दगड पाण्यात भिजवून बाहेर येणाऱ्या कडांवरून दोन-चारदा फिरवा. कोरडं घासू नका.

सांगाडा

नेकचंद सायकलींचे सांगाडे, पाइप, सळया असं जे मिळेल ते वापरत. आपल्याला लागेल ते असं: ८ मिलिमीटरच्या दोन सळया, प्रत्येकी सुमारे ७५ सेंटिमीटर, एक फुटकी पाच लिटरची बादली, झाकण घट्ट लावलेली लिटरची रिकामी बाटली, छत्रीच्या काड्या किंवा लोखंडी हँगर, चिकन मेश म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी, आणि बांधायची तार.

सळयांची खालची १५ सेंटिमीटर काटकोनात वाकवा. २५ बाय २५ सेंटिमीटरच्या खोक्यात पाच सेंटिमीटर जाडीचा माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू (प्रमाण पुढे आहे), ओतून ती वाकवलेली टोकं मधोमध पुरा. दोन दिवस हात लावू नका.

मग बादलीच्या तळाला दोन भोकं पाडून ती पालथी सळयांत ओवा, हा झाला घेर. बाटली सळयांच्या मध्ये बांधा, हे धड. मान म्हणून सळयांची टोकं जवळ आणून तारेने आवळा आणि जाळीचा चुरगाळलेला गोळा डोक्याच्या जागी बसवा. हात हँगरच्या तारेचे. एक हात डोक्यावरच्या तांब्याला धरलेला असेल तर सांगाडा आपोआप बळकट होतो, कारण हात दोन्हीकडे बांधला जातो. पोकळ गाभ्याचा हेतू वजन कमी करणं. भरीव मूर्ती केली तर ती फार जड होते. पोकळ ठेवूनही बैठकीसकट दहा लिटर माल बसतोच, म्हणजे वजन वीस किलोच्या पुढे जाणार हे धरून चाला.

हातात आख्ख्या बांगड्या घालायच्या असतील तर त्या आत्ताच तारेत ओवून खांद्याशी सरकवून ठेवा. तळवा झाल्यावर त्या आत जाणार नाहीत. बारीक हाताला २.४ मापाच्या बांगड्या बऱ्या.

सगळ्यावर जाळीचे दोन थर गुंडाळा आणि दर दोन-तीन इंचांवर तारेने टाका घाला. हलवून पाहा. या टप्प्यावर डुगडुगणारी मूर्ती पुढे तडकते, सिमेंट तिला सावरत नाही.

अॅल्युमिनियमची तार, फॉइल किंवा भांडं आत वापरू नका. ओल्या सिमेंटशी त्याची रासायनिक क्रिया होऊन वायूचे बुडबुडे निघतात आणि आतला थर पोकळ होतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत खाऱ्या हवेमुळे लोखंड लवकर गंजतं आणि तपकिरी ओघळ बाहेर येतात, तिथे जाळी आणि तार गॅल्व्हनाइज्डच घ्या.

पहिला थर

एक घमेलं सिमेंटला तीन घमेली चाळलेली वाळू किंवा क्रश सँड हे प्रमाण. सिमेंट ताजं हवं, गुठळ्या झालेलं नको. आधी कोरडंच एकरंगी होईपर्यंत मिसळा, मग पाणी थोडं थोडं. मुठीत दाबला की लाडवासारखा आकार धरेल आणि बोटांतून पाणी सुटणार नाही, इतपत माल घट्ट हवा. सैल माल लावायला सोपा वाटतो, पण तो जाळीवरून ओघळतो आणि वाळल्यावर भेगाळतो. रबरी हातमोजे घालूनच काम करा, ओलं सिमेंट कातडी भाजतं आणि ते बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कळतं.

माल जाळीत अंगठ्याने दाबून आरपार जाऊ द्या. खालून वर या. एकूण दोन सेंटिमीटर जाडी दोन हातांत, म्हणजे दोन थरांत भरा, पहिला हात आवळल्यावर, म्हणजे घट्ट झाल्यावर दुसरा. शेवटी खिळ्याने किंवा फुटक्या कंगव्याने पृष्ठभागावर आडव्या-उभ्या रेघा ओढा, म्हणजे पुढचा थर धरेल. एका वेळी तासाभरात संपेल एवढाच माल कालवा. आवळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल करणं हा सर्रास चालणारा प्रकार आहे, आणि त्याने माल कायमचा कच्चा राहतो.

दुसऱ्या दिवसापासून ओलं पोतं गुंडाळून पाणी मारा. हल्ली बाजारात बहुधा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं, त्याला दहा दिवस ओल हवी. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हे काम काढूच नका; दिवाळी ते शिवरात्र हा काळ सर्वांत चांगला.

तुकडे बसवणं

इथे मूर्ती होते. यासाठी पूर्ण मोकळी सकाळ हवी.

कपाला दोन्ही बाजूंनी झिलई असते. भिंतीच्या टाइलची मागची बाजू खरखरीत असल्यामुळे ती सिमेंटला घट्ट धरते, कपाचा तुकडा तसा धरत नाही. तो नुसता वर चिकटवून चालत नाही, रुतवावा लागतो. माल तुकड्याच्या कडेने वर येऊन त्याच्या जाडीचा दोन तृतीयांश भाग झाकेल इतका दाबा. काच आणि चिनी मातीसाठी मालाच्या पाण्यात एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधाळ द्रावण) डब्यावरच्या प्रमाणाने घाला, किंवा गुळगुळीत पृष्ठभागाला चालणारं टाइल अॅडेसिव्ह घ्या. उलट, कौलाचे, मडक्याचे आणि साध्या टाइलचे तुकडे तासभर पाण्यात भिजवून, वरचं पाणी पुसून मगच लावा. कोरडे लावले तर ते मालातलं पाणी शोषून घेतात आणि आठवड्याभरात सुटतात.

आधीचा थर ओला करा, त्यावर सिमेंटच्या पातळ लगद्याचा हात मारा, मग बारीक चाळलेल्या वाळूच्या मालाचा आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा थर द्या, पण एका वेळी फक्त तळहाताएवढ्या जागेवर. तेवढं भरलं की पुढचं.

सुरुवात घेराच्या खालच्या किनारीपासून. ओळी आडव्या, थोड्या तिरप्या जाऊ द्या, म्हणजे कापडाचा कल दिसतो. दोन तुकड्यांत तीन ते पाच मिलिमीटर फट ठेवा. खाली मोठे तुकडे, कमरेकडे लहान, पुन्हा छातीवर मध्यम. पदर खांद्यावरून खाली आणताना तुकड्यांची दिशा बदला, रंग बदलायची गरज नाही. सगळ्या पांढऱ्या मूर्तीत नुसत्या दिशेने केलेला पदर मला रंगीत पदराहून कितीतरी देखणा वाटतो.

बांगड्यांची मूर्ती असेल तर बांगडी अर्धी तोडून तिची दोन्ही टोकं मालात खुपसा, कमान बाहेर. खवल्यांसारखी एकावर एक ओळ येते. किंवा लहान तुकडे आडवे, अगदी जवळ जवळ रुतवा. दुसरा प्रकार जास्त टिकाऊ, आणि मुलं हात लावणार असतील तर तोच करा.

चेहऱ्याला तुकडे लावू नका. दोन भाग बारीक वाळू, एक भाग सिमेंट असा मऊ माल लावून ओल्या थापीने घोटा, वर सिमेंटचा लगदा देऊन पुन्हा घोटा. नाक म्हणजे एक उभा उंचवटा, डोळ्यांसाठी दोन गोल काहीही, बाजूला कपाचे कान. भाव आणायचा प्रयत्न करू नका. नेकचंदांच्या चेहऱ्यांचं बळ त्यांच्या स्थिरपणात आहे. शेवटी डोक्यावर मालाची चुंबळ करून तिच्यात खरा, गळका तांब्या रुतवा. तो सिमेंटने मढवू नका.

पुसणं आणि सांधे

तास-दोन तासांनी माल आवळला, पण खडक झाला नाही, अशा वेळी ओल्या स्पंजने तुकड्यांवरचं सिमेंट पुसा. ही वेळ चुकली तर नंतर तासन् तास खरवडावं लागतं. राहिलेल्या फटी दुसऱ्या दिवशी बारीक मालाने भरा.

सांध्यांना पांढरं सिमेंट वापरण्याचा मोह होतो, पण करडं सिमेंट ठेवा. करड्या पार्श्वभूमीवर चिनी माती उजळते. पांढऱ्या सांध्यात सगळं एकमेकांत मिसळून जातं. गडद तुकड्यांच्या मूर्तीला थोडा रेड ऑक्साइड (लाल रंगाची पूड) चालेल, सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत.

पुन्हा दहा दिवस ओलं पोतं. त्यानंतर पांढुरका थर उरला असेल तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसून लगेच भरपूर पाण्याने धुवा. संडासासाठीचं अॅसिड वापरू नका, ते सांधे खातं. शेवटी हातात जुना पायमोजा घालून सगळ्या मूर्तीवरून फिरवा. अडकेल तिथे धार आहे, तिथे ओला दगड फिरवा.

जागा आणि देखभाल

बाल्कनीच्या कठड्यावर कधीच ठेवू नका. जमिनीवर, सपाट जागी, बैठकीखाली पाणी साचणार नाही अशी ठेवा. तांब्यात पावसाचं पाणी साठून डास होतात, म्हणून चुंबळीच्या लगेच वर त्याच्या बाजूला भोक पाडा किंवा त्यात माती घालून मायाळू नाहीतर सदाफुली लावा.

दर पावसाळ्यानंतर तुकड्यांवर लाकडी चमच्याच्या दांड्याने हलकेच वाजवा. पोकळ आवाज आला तर तो तुकडा सुटायच्या बेतात आहे. तो काढून, मागचा खळगा खरवडून, ओला करून लॅटेक्सच्या मालात पुन्हा बसवा. केसासारख्या भेगांत सिमेंटचा पातळ लगदा ब्रशने भरा. भेग रुंद होत गेली किंवा तपकिरी डाग वाढत गेला तर आतली सळई गंजतेय. तेवढा भाग फोडून, तार घासून, नवा माल भरावा लागेल.

दुसरी मूर्ती करायची ठरवलीत तर सांगाडा तोच ठेवा आणि सामान बदला. पहिली कपांची असेल तर दुसरी बरणीच्या तपकिरी तुकड्यांची, तिसरी फ्यूजची. तीन सारख्या आकाराच्या बायका ओळीने उभ्या राहिल्या की प्रत्येकीचं सामान वेगळं दिसायला लागतं, आणि रॉक गार्डनमध्ये त्या रांगा का आहेत ते कळतं.